मेंदूला इजा झालेल्या नवजात बाळांच्या पाठपुराव्यासाठी मदत हवी आहे

प्रसूतीच्या वेळी वार आधीच सुटली किंवा नाळ दबली, तर बाळाचं रक्त आणि प्राणवायू तुटतो आणि मेंदूला इजा होते. ही इजा एका फटक्यात पुरी होत नाही. बाळ सावरल्यासारखं वाटतं, काही तास बरे जातात, आणि मग मेंदूच्या पेशींची ऊर्जा पुन्हा कोसळू लागते. झटके बहुतेक वेळा या टप्प्यात येतात. म्हणून बाळाला थंड ठेवण्याचा उपचार पहिल्या ६ तासांतच सुरू करावा लागतो. शरीराचं तापमान ७२ तास ३३ ते ३४ अंश सेल्सिअसवर ठेवतात आणि नंतर ताशी अर्ध्या अंशापेक्षा सावकाश वाढवतात.

मात्र हा उपचार सगळीकडे सारखा लागू पडत नाही. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या रुग्णालयांत झालेल्या 'हेलिक्स' चाचणीचा निष्कर्ष २०२१ मध्ये आला. तिथे थंड ठेवल्याने मृत्यू आणि अपंगत्व मिळून काही कमी झालं नाही, उलट मृत्यू वाढले. एका ठिकाणचं उत्तर दुसरीकडे चालेलच असं नाही, हे तेव्हा दिसलं.

आमचं मंडळ ज्या संशोधनासाठी मदत मागत आहे, ते काचेच्या पेटीतून बाळ घरी गेल्यावर सुरू होतं. तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या आणि चोविसाव्या महिन्यात तपासणी असते. खरं सांगायचं तर हे काम यंत्रांअभावी अडत नाही, बाळं परत येत नाहीत म्हणून अडतं. बाळ धडधाकट असलं तर घरचे म्हणतात, आता कशाला जायचं? अवस्था फारच बिकट असली तर प्रवासच झेपत नाही. दोन्ही टोकं गळाली की उरलेल्या आकड्यांवरून काहीही सिद्ध करता येतं, आणि ते चुकीचं असतं. म्हणून जमा होणारा पैसा आधी प्रवासभाड्यावर आणि पालकांच्या बुडालेल्या रोजावर जाईल. उपकरणं कृपया देऊ नका.

दुसरी मदत पैशाची नाही. तुलनेसाठी पूर्ण दिवसांची, कसलाही त्रास न झालेली बाळंही लागतात. अशा बाळाचा फक्त एक व्हिडिओ हवा आहे. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेनंतर १२ ते १६ आठवड्यांच्या दरम्यान जागं बाळ मान, धड, हातपाय सतत बारीक, गोलसर हलवत असतं. ही हालचाल दिसलीच नाही, तर पुढे सेरेब्रल पाल्सीची, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा न राहण्याची, शक्यता बरीच वाढते. आठ आठवडे आधी जन्मलेल्या बाळासाठी हाच काळ जन्मापासून २० व्या आठवड्याला सुरू होतो. वयातून हे आठ आठवडे वजा करायचं हमखास विसरलं जातं.

बाळाला पाठीवर, साध्या चादरीवर ठेवा. हातपाय उघडे हवेत. पोट भरलेलं, बाळ जागं आणि शांत असावं. फोन वरून धरा, बोटांच्या टोकांपर्यंत सगळं अंग चौकटीत येऊ द्या आणि तीन ते पाच मिनिटं सलग चित्रण करा. खुळखुळा नको, तोंडात चोखणी नको, बोलणंही नको. बाळ हसावं म्हणून आजी पुढे झुकली की ते तिच्याकडेच बघत राहतं आणि नेमकी हवी ती हालचाल थांबते. रडू किंवा उचकी लागली तर तो व्हिडिओ सोडून द्या, नंतर पुन्हा काढा.

तिसरी गरज फोन करणाऱ्या स्वयंसेवकांची. आठवड्यातले दोन तास पुरतात. तारखेची आठवण करायची, नंबर बदललाय का ते विचारायचं, दोन नातेवाइकांचे नंबर लिहून घ्यायचे. तपासणीत काय निघालं यावर मात्र एक शब्द बोलायचा नाही, ते डॉक्टरच सांगतील.

पालकांची लेखी संमती घेतल्याशिवाय एकही व्हिडिओ ठेवला जात नाही, आणि कधीही माघार घेता येते. त्याने बाळाच्या उपचारात फरक पडत नाही. देणगी धनादेशानेच स्वीकारू, पावती मिळेल. नावनोंदणी मंडळाच्या कार्यालयात होईल.

बाळ वर्षाच्या आतच एकच हात वापरत असेल, अंगठा आत घेऊन मूठ सतत आवळलेली असेल, किंवा चार महिने झाले तरी मान धरत नसेल, तर आमच्या तारखेची वाट पाहू नका, थेट बालरोगतज्ज्ञांना दाखवा.