नऊ धावांचे काय घेऊन बसलात?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतला क्रिकेटपटू भाऊसाहेब निंबाळकरांवरचा लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा आनंदाने, कारण त्यांच्यावर हल्ली कोणी लिहीतच नाही. दुसऱ्यांदा मात्र डोके तापले, म्हणून आज सकाळीच लिहायला बसलो. सबंध पान खर्ची घालून लेखकाने सांगितले काय, तर भाऊसाहेब नाबाद ४४३ वर असताना प्रतिस्पर्धी काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब यांनी सामना सोडला, ब्रॅडमनचा प्रथम श्रेणीतला (म्हणजे कसोटी, रणजीसारख्या सामन्यांतला) एका डावातल्या ४५२ धावांचा विक्रम नऊ धावांनी हुकला आणि भाऊसाहेबांचे नशीबच फुटके!

अहो, त्या नऊ धावांचे काय घेऊन बसलात? धरून चालू की काठेवाडचा संघ आणखी दोन षटके थांबला आणि विक्रम झाला. तो टिकला असता किती? जानेवारी १९५९ मध्ये कराचीत हनीफ महंमदने ४९९ केल्या. पुढे १९९४ मध्ये लाराने ५०१. म्हणजे भाऊसाहेबांच्या नावावर तो फार तर दहा वर्षे राहिला असता. त्यांचे खरे नुकसान निराळेच आहे आणि त्याला आपल्या लेखात जेमतेम एक ओळ मिळाली आहे: 'त्यांना कसोटी खेळता आली नाही.' संपला विषय!

जरा तारखा बघा. पूना क्लबवरची ती खेळी डिसेंबर १९४८ ची. ४९४ मिनिटांत नाबाद ४४३, भांडारकरांबरोबर दुसऱ्या विकेटसाठी ४५५ ची भागी. नेमका त्याच हिवाळ्यात वेस्ट इंडिजचा संघ भारतात होता. पाच कसोटींपैकी दोन झाल्या होत्या, तीन व्हायच्या होत्या. कलकत्ता, मद्रास आणि पुन्हा मुंबई. तासाला पन्नासहून जास्त गतीने सव्वाआठ तास खेळलेला, ऐन एकोणतिशीतला फलंदाज तयार होता. तिन्हींत त्याला जागा मिळाली नाही. आणि मुंबईच्या शेवटच्या कसोटीत काय झाले? ३६१ हव्या होत्या. हजारे १२२ करून गेले, फडकर टिकून राहिले, आणि ८ बाद ३५५ वर वेळ संपली. सहा धावा कमी पडल्या! जिंकलो असतो तर तो आपला पहिलावहिला कसोटी विजय ठरला असता. तो पुढे १९५२ पर्यंत लांबला. नऊ धावांवर पानभर लेख येतो, तर या सहा धावांवर का येत नाही?

मधल्या फळीत रुसी मोदी होते, हजारे होते, जागा सहज मिळणारी नव्हती, हे मला मान्य आहे. मोदींनी त्या मालिकेत धावांची रास घातली. पण पुढच्या वर्षी राष्ट्रकुल संघाविरुद्ध भाऊसाहेबांना एका अनधिकृत कसोटीत घेतले, तिथे त्यांनी ४८ केल्या, आणि तरीही नंतर कोणी विचारले नाही. बडोदा, महाराष्ट्र, होळकर, रेल्वे अशी कितीतरी घरे फिरून प्रथम श्रेणीत ४८४१ धावा, सरासरी ४७.९३. शिवाय मध्यमगती गोलंदाजी, वेळ पडली तर यष्टीमागेही उभे. अशा माणसाला एक कसोटी नाही!

आणि एक कसोटी न मिळाल्याने काय होते, ते मी माझ्या घरात पाहिले आहे. गेल्या जानेवारीत माझा नातू आंतरशालेय प्रश्नमंजुषेत उतरला होता. शेवटच्या फेरीत प्रश्न आला, प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये भारतीय फलंदाजाची एका डावातली सर्वोच्च धावसंख्या किती? पोराने घंटी दाबून उत्तर दिले, "भाऊसाहेब निंबाळकर, नाबाद ४४३." सूत्रसंचालकाने हातातला कागद बघितला आणि म्हणाला, "चूक. सेहवाग, ३१९." पाच गुणांनी ढाल गेली. पोरगा घरी आला तो बूट न काढता जिन्यात बसून राहिला. दुसऱ्या दिवशी मी जुनी कात्रणांची वही घेऊन आयोजकांकडे गेलो. त्यांनी वही उघडलीही नाही. म्हणाले, "काका, जो इंडियाकडून खेळलाच नाही, त्याचं कसं धरायचं?"

प्रश्नात 'प्रथम श्रेणी' हे शब्द होते. ३१९ हा कसोटीतला आकडा. एवढे तरी आयोजकांना कळायला हवे होते की नाही? पण त्यांचे ते वाक्य माझ्या मनातून अजून जात नाही, कारण १९४९ साली निवड समितीने जे केले तेच त्यांनी पुन्हा केले, आणि तेही भाऊसाहेबांच्या जन्मगावी, कोल्हापुरात. ११ डिसेंबर २०१२ रोजी, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, ते गेले तेही इथेच. त्यांच्या गावातल्या पोराने त्यांचे नाव बरोबर सांगितले आणि ते चूक ठरले!

आता आणखी एक. आपल्या लेखात सात ठिकाणी आणि मथळ्यातही 'निंबालकर' छापले आहे. निंबाळकर, साहेब, 'ळ' ने! हिंदी वृत्तसंस्थेची बातमी जशीच्या तशी उचलली की असे होते. तेंडुलकरांचा 'ल' आणि निंबाळकरांचा 'ळ' यातला फरक मराठी वर्तमानपत्राने सांभाळायचा नाही, तर कोणी? पूर्वी रणजीचे धावफलक आपल्याकडे सविस्तर यायचे, तेव्हा आडनावेही नीट असायची. आता आयपीएलच्या लिलावाला दोन पाने आणि रणजीला चार ओळी.

कृपया दुरुस्ती छापावी. कसोटीचा मुद्दा त्यात घेता आला तर उत्तमच, नाहीतर निदान आडनाव आणि 'प्रथम श्रेणीत भारतीयाची सर्वोच्च धावसंख्या : नाबाद ४४३' एवढी ओळ यावी. ते कात्रण नातवाला शाळेत न्यायचे आहे.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, कोल्हापूर