केमो डे-केअरमधल्या सिस्टरना

आदरणीय सिस्टर,

तुमचं नाव मुद्दामच लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण पत्र मात्र सगळ्यांनी वाचावं असं वाटतं. आमच्या कॉलनीत नुकतीच एकीची केमो सुरू झाली आहे आणि २०२० मध्ये मी तुम्हाला जे जे विचारायचे, तेच ती आता मला विचारते.

२५ मार्च २०२० ला पाडवा होता आणि त्याच दिवसापासून लॉकडाऊन लागला. माझ्या केमोचा दुसरा डोस तोंडावर आला होता. इंदूरचे आकडे रोज वाढत होते आणि कॅन्सर, मधुमेह असलेल्यांना धोका जास्त, हे टीव्हीवर दिवसभर सांगत होते. डोस पुढे ढकलावा असं घरात सगळ्यांचं मत पडलं. मलाही तेच हवं होतं. छातीतल्या गाठीपेक्षा दाराच्या कडीची भीती जास्त वाटायला लागली होती.

फोनवर तुम्ही मला "घाबरू नका" असं एकदाही म्हणाला नाहीत. म्हणालात, "डोसचं डॉक्टरांना ठरवू द्या. तुम्ही कशाला घाबरायचं ते मी सांगते." डोसनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी होतात, त्या तारखांवर कालनिर्णयमध्ये खुणा करायला लावल्यात. सकाळ-संध्याकाळ ताप मोजायचा. १००.४ किंवा त्यावर गेला की लगेच फोन, आणि न विचारता क्रोसिन घ्यायची नाही, कारण ताप दबतो आणि आतला आजार वाढत राहतो. मी भाज्या साबणाने धुवत होते, ते तुम्ही बंद करायला लावलंत. स्वच्छ पाण्याने धुवा, शिजवून खा, हात धुवा, बस्स. अर्धी भीती तिथेच गेली. उरलेली खरी होती, पण तिचं काय करायचं ते आता माहीत होतं.

डे-केअरमध्ये तेव्हा नातेवाइकांना आत सोडत नव्हते. केमोचं ते लाल औषध तुम्ही सिरिंजने अगदी सावकाश द्यायचात. पीपीई किटमध्ये घामाघूम, चष्म्यावर वाफ, आणि मध्ये मध्ये थांबून विचारायचात, "काकू, जळजळतंय का? जरा जरी वाटलं तरी सांगा." त्या महिन्यांत घरातलेसुद्धा लांबून बोलत होते. सुई काढल्यावर कापूस दाबून धरलेला तुमचा ग्लोव्हजमधला हात, माणसाचा तेवढाच स्पर्श मला व्हायचा. त्याने किती धीर यायचा, हे तुम्हाला तेव्हा सांगता आलं नाही.

आणि ती मे महिन्यातली रात्र. दहावा दिवस, ताप १०१. शहरातल्या दवाखान्यांचे रेड (कोरोनाचे), यलो (कोरोनाचा संशय असलेल्यांचे), ग्रीन (बाकीच्या आजारांचे) असे गट पडलेले. तापाचा पेशंट म्हणून गेलो तर कोरोना वॉर्डात टाकतील, उजाडू दे, असं हे म्हणत होते. मी तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, "हा ताप सकाळपर्यंत थांबण्यातला नाही. फाइल घ्या आणि निघा, कॅज्युअल्टीत मी कळवते." बॅरिकेडपाशी पोलिसांनी फाइल बघून सोडलं. आम्ही पोचलो तेव्हा केमोची पेशंट येतेय हे तिथे ठाऊक होतं. स्वॅब घेतला, पण त्याच्या रिपोर्टसाठी कोणी थांबलं नाही. तासाभरात अँटिबायोटिक सुरू झालं. स्वॅब निगेटिव्ह आला. पांढऱ्या पेशी मात्र फारच खाली गेल्या होत्या. त्या रात्री घरीच थांबले असते तर काय झालं असतं, ते डॉक्टरांनी नंतर स्पष्ट सांगितलं. ड्यूटी संपवून घरी गेलेल्या तुम्ही फोन उचललात, म्हणून मी आज हे लिहिते आहे.

पुढे १ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयाच्या, ठरावीक गंभीर आजार असलेल्या लोकांना कोरोनाची लस खुली झाली, तेव्हाही डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागेल हे तुम्हीच आठवणीने कळवलंत.

कॉलनीतल्या त्या बाईला मी थर्मामीटर नेऊन दिला आणि तारखांवर खुणा करून दिल्या. ताप आला तर कोणाची वाट बघायची नाही, मध्यरात्री मला उठव, असं बजावलंय. हे सगळं तुम्ही शिकवलेलं आहे, सिस्टर.

मनापासून आभार.

तुमची काकू,
लोकमान्य नगर, इंदूर