आमच्या मुलांना पाण्याच्या गोष्टी सांगणाऱ्या आजींस

आदरणीय आजी,
सादर प्रणाम.

दप्तराविना शनिवारी आमच्या जिल्हा परिषद शाळेत येऊन आपण चौथीच्या मुलांना पाण्याच्या गोष्टी सांगितल्यात, त्याबद्दल मनापासून आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. लातूर जिल्ह्यातल्या इतर शिक्षकांनाही आपल्या कामाची माहिती व्हावी, म्हणून ते जाहीरपणे लिहिले आहे.

आमच्या मुलांना पाणीटंचाई ठाऊक नाही असे नाही. उन्हाळ्यात टँकर कधी येतो यावर त्यांच्या घरचा स्वयंपाक ठरतो. परंतु जे रोजच भोगायचे, ते असे का, हा प्रश्न मुलांना सहसा पडत नाही, आणि 'पाणी वाचवा' असे लिहिलेले फलक रंगवून तो पडेल असे मला तरी वाटत नाही. तो आपल्या गोष्टींनी पडला.

शीतळासप्तमीची कहाणी आपण 'आटपाट नगर होतं' अशी जुन्या वळणाने सुरू केलीत. राजाने तळे बांधले, काही केल्या पाणी लागेना, आणि जळदेवतांनी सुनेचा थोरला मुलगा बळी मागितला, इथपर्यंत वर्ग चिडीचूप होता. तेवढ्यात एका मुलीने विचारले, "तळं राजाचं, मग सुनेचंच पोर का?" आपण तिला गप्प बसवले नाही, की कहाणीचा गोड शेवट पुढे करून वेळ मारून नेली नाही. आपल्या गावात पाण्याच्या खेपा कोण घालते, शाळा बुडवून डोक्यावर हंडा कुणाला घ्यावा लागतो, असे आपण उलट विचारलेत, आणि एरवी तोंड न उघडणाऱ्या मुली एकामागून एक बोलू लागल्या.

एकनाथ महाराजांनी रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड तहानलेल्या गाढवाच्या मुखी रिती केली, ही कथा मुलांनी कीर्तनात ऐकलेली होती. आपण त्यापुढे एवढेच विचारलेत, की गावात थोडेच पाणी उरले तर आधी कुणाला द्यायचे. गुरांना, असे बहुतेकांनी सांगितले. ऊस असलेल्या घरातला एक मुलगा मात्र म्हणाला, की ऊस वाळला तर फीचे पैसे कुठून आणायचे, आणि आपण त्याचेही म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेतलेत. मोठ्यांच्या ग्रामसभेत हा प्रश्न इतक्या शांतपणे क्वचितच निघतो.

बहात्तरच्या दुष्काळाची हकिगत तर आपल्या स्वतःच्या हातांची होती. दुष्काळी कामावर खडी फोडणे, तिथे खायला मिळणारी सुकडी, आणि अन्न नसले तरी खोल विहिरींना टिकून राहिलेले थोडे पाणी. मग ते पाणी पुढे कुठे गेले, हे दाखवायला आपण पिशवीतून काळ्या पाषाणाचा तुकडा आणि ओंजळभर मुरूम काढलात. पाषाणावर ओतलेले पाणी फरशीवर ओघळले, मुरमाने ते पिऊन टाकले. आपल्या पायाखाली मुरमाचा थर थोडा आणि पाषाण फार, म्हणून बोअर कितीही खोल नेले तरी भरवसा नाही, हे मुलांना तिथेच समजले.

एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडल्यावर मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटरवरून लातूरला रेल्वेने पाणी आले. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या आणि त्यांत ५ लाख लिटर पाणी होते. आमच्या मुलांना ही परीकथाच वाटली असती. आपण ती मिरजेकडच्या लोकांच्या बाजूने सांगितलीत, म्हणून मुलांनी त्या लोकांना पत्रे लिहायला घेतली आहेत.

मुले आता घरच्या वडीलधाऱ्यांकडून आडाच्या, बारवेच्या गोष्टी लिहून आणत आहेत. त्यांची वही आम्ही करणार आहोत आणि आपण सांगितलेल्या गोष्टीही तीत घ्याव्यात अशी इच्छा आहे. त्यास आपली संमती असावी. जूनमध्ये नवा वर्ग चौथीत येईल, त्यांच्यासाठीही आपण यावे, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
चौथीची वर्गशिक्षिका