कागदावर नसलेलं कारण

एडिनबरा,
नोव्हेंबर २०२५

प्रिय मीना,

सप्रेम नमस्कार.

स्कॉटलंडच्या संसदेत सरकारला खर्चाचा जाब कोण विचारतं आणि विचारून काही होतं का, असं तू लिहिलंस. तुझी सगळी नोकरी स्थानिक निधी लेखापरीक्षणात गेली. तुला वरवरचं सांगून भागणार नाही. म्हणून एकच प्रकरण सविस्तर लिहिते, दोन बोटींचं.

त्याआधी जरुरीपुरतं. १९९७ च्या सार्वमतानंतर लंडनच्या संसदेनं कायदा करून इथे वेगळी संसद दिली, ती १९९९ पासून चालू आहे. सदस्य १२९. आरोग्य, शिक्षण, पोलीस, वाहतूक इकडे. संरक्षण आणि परराष्ट्र धोरण लंडनकडे. वर्षाचा खर्च साठ अब्ज पौंडांच्या पुढे गेलाय. वरचं सभागृह नाही, त्यामुळे तपासणीचा सगळा भार समित्यांवर. हिशेबासाठी एक समिती आहे आणि तिच्या हाताशी स्कॉटलंडचे महालेखापरीक्षक. त्यांचं नाव संसद सुचवते आणि नेमणूक राजा करतो. मंत्र्याच्या मर्जीवर ती खुर्ची नाही.

आता बोटी. पश्चिमेकडच्या बेटांवर माणसं, दूध, औषधं, गुरं सगळं फेरीबोटीनं जातं. २०१५ मध्ये दोन नव्या बोटींचं ९७ दशलक्ष पौंडांचं कंत्राट क्लाइड नदीकाठच्या पोर्ट ग्लासगोमधल्या फर्ग्युसन गोदीला मिळालं. ही गोदी वर्षभरापूर्वीच बुडता बुडता वाचली होती. तिथल्या कामगारांच्या नोकऱ्या टिकाव्यात असं सगळ्यांनाच वाटत होतं, मलाही त्यात गैर दिसत नाही. गोम पुढे आहे. बांधणाऱ्यानं हात वर केले तर दिलेले पैसे परत मिळण्याची पूर्ण हमी अशा कंत्राटात घ्यायची असते. ती गोदीला देता येईना. बोटी विकत घेणाऱ्या सरकारी कंपनीनं धोका लेखी कळवला, तरी वरून पुढे जा असं सांगण्यात आलं.

२०१७ मध्ये पहिल्या बोटीचं, ग्लेन सॅनॉक्सचं, जलावतरण झालं तेव्हा पुढच्या काचासुद्धा बसल्या नव्हत्या. खिडक्या नुसत्या रंगवल्या होत्या. २०१९ मध्ये गोदी सरकारनंच ताब्यात घेतली. २०१८ मध्ये यायची ती बोट जानेवारी २०२५ मध्ये ॲरन बेटाच्या मार्गावर धावू लागली. दुसरी, ग्लेन रोझा, अजून गोदीतच आहे. खर्च मूळ रकमेच्या चौपटीच्या वर गेलाय.

तुझ्या कामाचा भाग इथून सुरू होतो. मार्च २०२२ मध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल आला. त्यातलं मला सर्वांत गंभीर वाटलेलं वाक्य पैशाबद्दलचं नव्हतंच. मंत्र्यांनी हा धोका का पत्करला, हे सांगणारा पुरेसा कागद सापडत नाही, असं त्यांनी म्हटलं होतं. गदारोळ झाला, आणि काही आठवड्यांनी सरकारला २०१५ मधली एक ईमेल सापडली: वाहतूकमंत्र्यांची हरकत नाही, काम पुढे न्या. संमती सापडली. संमतीमागचं कारण त्यातही नव्हतं.

हिशेब समितीनं हा लेखा-आक्षेप सरकारचं उत्तर आलं म्हणून निकाली काढला नाही. कित्येक महिने साक्षी घेतल्या. कंपनीचे लोक, अधिकारी, गोदीचे आधीचे मालक, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये खुद्द तेव्हाच्या फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन. मुख्यमंत्रिपदावर असलेली व्यक्ती हिशेब समितीपुढे बसून उत्तरं देतेय, आणि समितीच्या अध्यक्षस्थानी विरोधी पक्षाचे रिचर्ड लेनर्ड. साक्षींच्या बैठका उघड्या असतात. कुणीही मागच्या खुर्च्यांवर जाऊन बसावं. थेट प्रक्षेपण होतं आणि बोललेला शब्द न् शब्द छापला जातो. आपल्याकडे लोकलेखा समितीपुढे सचिवांची साक्ष होते ती बंद दाराआड, आणि कॅगचा अहवाल अनेकदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर येतो, चर्चेला वेळच उरत नाही. तू किती चिडायचीस त्यावर! ती चीड अगदी योग्य होती, हे मला इथे राहून पटलंय.

पण इथलं सगळं आलबेल आहे असं समजू नकोस. मार्च २०२३ मध्ये समितीनं कडक अहवाल दिला, तोवर पैसे गेले होते. बेटावरच्या माणसाची दवाखान्याची तारीख बोट रद्द झाल्यानं हुकली, तर त्याला त्या अहवालाचा काय उपयोग? शिवाय समित्यांत सत्ताधारी पक्षाचेही सदस्य असतात, आणि आपल्याच मंत्र्याला खोदून विचारायला धाडस लागतं. समितीला शिक्षा करता येत नाही. ती फक्त विचारू शकते, उघडपणे आणि पुन्हा पुन्हा. माझ्या मते तेही फार मोठं आहे, मात्र समोर कागद असेल तरच.

म्हणून एक तरतूद तुला मुद्दाम सांगते. एखादा खर्च पैशाच्या मोलाचा नाही असं जबाबदार अधिकाऱ्याला वाटलं, तर पुढे जाण्याआधी त्याला मंत्र्याकडे लेखी आदेश मागावा लागतो. त्या आदेशाची प्रत महालेखापरीक्षकांकडे आणि हिशेब समितीच्या सचिवालयाकडे जाते. म्हणजे ‘साहेबांनी तोंडी सांगितलं’ हा प्रकार तिथेच संपतो. २०१५ मध्ये बोटींचं कंत्राट देताना असा आदेश मागितलाच गेला नाही. मागितला असता तर निदान तेव्हाच कुणीतरी बाहेरच्या माणसानं ते प्रकरण उघडून पाहिलं असतं.

जिल्हा परिषदेत फायलीवर ‘चर्चा केल्याप्रमाणे’ एवढाच शेरा मारून बिलं निघायची, त्यावर तू आक्षेप काढायचीस. ती चर्चा कुणाशी झाली हे लिहून द्यायला कुणी कधी तयार झालं का? आणि अशी लेखी आदेशाची सोय तुमच्या वेळच्या नियमांत कुठे होती का? सवडीनं कळव. समितीच्या अहवालातली या विषयावरची पानं छापून पोस्टानं पाठवतेय, समासात तुझे शेरे लिहून परत धाड.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
सुनंदा