पाकटांच्या शेपट्या

ब्रिस्बेन
शुक्रवार, 22 सप्टेंबर 2006
सर्वपित्री अमावस्या

ती. बाबांना आणि ती. सौ. आईला,
साष्टांग नमस्कार.

परवा बुधवारी सकाळी साडेनऊला तुम्हाला फोन लावायला रिसीव्हर उचलला होता. अर्धे आकडे दाबल्यावर लक्षात आलं की तिकडे पहाटेचे पाच वाजलेत. पहाटे पाचला घंटा वाजली की तुमच्या पोटात गोळा येणार, आई देवापुढे जाऊन उभी राहणार आणि मगच बाबा फोन उचलणार. ठेवून दिला. संध्याकाळी करते म्हटलं, पण संध्याकाळपर्यंत बोलायचं ते गळ्यातच अडकून राहिलं. म्हणून लिहायला बसले आहे.

बाबा, मागच्या फोनवर मी स्टीव्ह अर्विनच्या, टीव्हीवरच्या त्या मगरवाल्याच्या, मरणाचं बोलत होते तेव्हा तुम्ही म्हणालात, "पोहणाराच बुडतो गं, तू त्याचं एवढं काय घेऊन बसलीस?" आणि आई मागून विचारत होती, "अगं, त्याची बायको कुठे होती तेव्हा?" तेवढ्यात कार्डावरची मिनिटं संपली.

आधी आईचं सांगते. त्याची बायको टेरी तेव्हा टास्मानियात होती, क्रेडल माउंटनच्या डोंगराळ भागात. म्हणजे हा देशाच्या वरच्या टोकाला समुद्रात आणि ती पार खालच्या टोकाला. 4 सप्टेंबर, सोमवार. स्टीव्ह अर्विन आपली बोट घेऊन पोर्ट डग्लसजवळच्या बॅट रीफवर होता. मोठ्या माहितीपटाचं चित्रण चाललं होतं, पण हवा बिघडल्यामुळे ते थांबलं. नुसतं बसून काय करायचं, म्हणून आपल्या मुलीच्या कार्यक्रमासाठी चार दृश्यं घेऊ म्हणून हा पाण्यात उतरला. पाणी उथळ होतं. खाली एक मोठं पाकट होतं, इथले लोक ज्या चपट्या माशाला स्टिंगरे म्हणतात ते. पाकट बिथरलं आणि शेपटीचा काटा सरळ छातीत, हृदयात घुसला. जवळच्या लो आइल्स बेटावर आणेपर्यंत बोटीवरच्या माणसांनी छाती दाबून त्याला धरून ठेवायचा प्रयत्न केला. हेलिकॉप्टर आलं, पण तोवर संपलं होतं. वय 44. आदल्याच दिवशी, रविवारी, इथला फादर्स डे होता. मुलगी बिंदी आठ वर्षांची, मुलगा रॉबर्ट तीनाचाही नाही.

पाकट म्हणजे काय हे इथे मला सगळ्यांना सांगावं लागत नाही आता, पण तुम्हाला तर कधीच सांगावं लागलं नसतं. रापण ओढली आणि जाळ्यात पाकट आलं की आधी शेपटीचं बघायचं, मग बाकीची मासळी, हे आपल्या किनाऱ्यावर शेंबडं पोरही जाणतं. माणूस त्याने मरतो असं मात्र मी कधी ऐकलं नव्हतं. पाय सुजायचा, ठणका लागायचा, दोन दिवस ओरडत पडायचा माणूस. जीव जाणं अगदी विरळा. म्हणूनच बातमी आली तेव्हा आमच्या लॅबमध्ये पहिली दहा मिनिटं कोणाला खरीच वाटली नाही. मगर म्हटलं असतं तर लगेच पटलं असतं.

खरं सांगायचं तर हा माणूस जिवंत असताना इथल्या बऱ्याच शिकल्यासवरल्या लोकांना त्याचा संकोच वाटायचा. तो अर्धी चड्डी घालून, हात पसरून "क्रायकी!" म्हणून ओरडायचा, मगरीच्या पाठीवर उडी मारायचा. अमेरिकेत तो जितका लाडका होता तितका घरी नव्हता. माझ्या शेजारच्या टेबलवर बसते ती बाई तर तो लागला की चॅनल बदलायची. तिनेच मला सांगितलं होतं. त्या सोमवारी दुपारी ती नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवता चिकटवता रडायला लागली. मला म्हणाली, माझं मलाच कळत नाही. पुसत होती आणि परत येत होतं.

त्याच दिवशी इथे ब्रिस्बेनमध्येच कॉलिन टीली वारले. बाबा, हे तुमच्यासाठी मुद्दाम लिहिते. लहान मुलांसाठी लिहिणारे, पेशाने शिक्षक. इथल्या दोन पिढ्या त्यांची पाणकोळ्याची गोष्ट वाचत मोठ्या झाल्या. त्यांची बातमी आतल्या पानावर कुठेतरी कोपऱ्यात गेली. मला वाईट वाटलं. शाळेतल्या एखाद्या बाईंनी मुलांना वर्गात सांगितलं असेल तर असेल.

मग 10 तारखेच्या रविवारी आम्ही बीअरवाहला गेलो, त्याच्या प्राणीसंग्रहालयाच्या दारापर्यंत. आमच्याकडून तासाभराचा रस्ता आहे. 1970 साली त्याच्या आई-वडिलांनी, लिन आणि बॉब अर्विन यांनी, तिथे साप-मगरींचं छोटं उद्यान काढलं होतं, हा तिथेच वाढला. आदल्या दिवशी, शनिवारी, घरच्यांनी त्याला तिथेच मूठमाती दिली होती, खासगीत. छकुली हट्टच धरून बसली होती की जायचं. बाहेरचं कुंपण फुलांनी भरून गेलं होतं, पण फुलांपेक्षा जास्त होते ते खाकी शर्ट. आपल्याला खाकी म्हटलं की पोलीस नाहीतर पोस्टमन आठवतो. इथे ती त्याची ओळख. लोकांनी आपापले शर्ट आणून कुंपणाला बांधले होते आणि त्यावर मार्करने लिहिलं होतं. पाऊस पडून काही शर्टांवरची शाई उतरली होती, निळे ओघळ खाली बाहीपर्यंत आले होते. एका शर्टाची बटणं कोणीतरी वरपासून खालपर्यंत नीट लावली होती, कॉलरसुद्धा सारखी केली होती. मुलाला शाळेत पाठवताना आई लावते तशी. त्या एका शर्टापुढून माझा पाय हलेना.

छकुलीने आपलं मगरीचं चित्र नेलं होतं. तिने विचारलं, "आई, पाकटाला माहीत होतं का तो चांगला माणूस आहे ते?" मी म्हटलं, नाही गं, ते घाबरलं होतं. तेवढ्यावर तिचं समाधान झालं. मोठ्यांचं झालं नाही, बाबा.

त्याच्या मरणाला एक दिवस उलटायच्या आत जर्मेन ग्रीअर या मोठ्या विदुषीने लंडनच्या वर्तमानपत्रात लिहिलं की अखेर प्राण्यांनी त्याच्यावर सूड उगवला. त्यावर इथे आगडोंब उसळला. तिचा मूळ मुद्दा, की प्राण्याच्या इतक्या जवळ जाऊन त्याला डिवचायचं, लोकांची करमणूक करायची, हे बरोबर नाही, तो अगदीच टाकून देण्यासारखा नाही असं मला वाटतं. 2004 च्या जानेवारीत त्याने महिन्याभराचं पोर एका हाताच्या कवेत धरून दुसऱ्या हाताने मगरीला मांस भरवलं होतं, तेव्हा आई, तू इथे फोन करून मलाच झापलं होतंस, जणू मीच धरलं होतं त्या पोराला. मलाही तेव्हा संताप आला होता आणि त्याबद्दल आजही माझं मत बदललेलं नाही. पण घरातलं माणूस अजून बाहेर काढलेलं नाही आणि शेजारणीने दारात उभं राहून हिशोब मांडावा, असं झालं ते. शिवाय सूड हा शब्दच चुकीचा. पाकट सूड घेत नाही. अंगावर सावली आली की ते शेपूट उडवतं, बस.

सूड उगवला तो माणसांनी. तेच तुम्हाला सांगायचं आहे.

आठवडाभरात क्वीन्सलँडच्या किनाऱ्यांवर मेलेली पाकटं सापडायला लागली. काही आमच्या इथून वर डिसेप्शन बेला, काही आणखी वर हर्वी बेच्या बाजूला. सगळी मिळून दहाएक तरी. त्यांतल्या काहींच्या शेपट्या छाटलेल्या. मासेमारी खात्याचे लोक म्हणाले की हे रागातूनच केलं असं छातीठोकपणे सांगता येणार नाही, जाळ्यात आलेल्या पाकटाची शेपूट कोळी तशीही छाटतातच. ते खरंच आहे, मी तर रापणीवर डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पण बातमी वाचून इथे एकालाही तसं वाटलं नाही. स्टीव्हच्या वाइल्डलाइफ वॉरियर्स संस्थेच्या प्रमुखांना जाहीर सांगावं लागलं की असं काही करणं त्याला अजिबात आवडलं नसतं, त्याच्या नावाने प्राण्यांना मारू नका. ज्याने आयुष्यभर सांगितलं की ज्या जनावराची भीती वाटते त्याच्यावरही माया करा, त्याच्याबद्दलची माया म्हणून कोणीतरी वाळूत बसून सुरी चालवत होतं.

ते वाचलं आणि मला आपली विहीर आठवली. मी चौथीत असेन. वरच्या वाडीतला गडी गवत कापताना फुरसं चावून गेला होता. त्यानंतर पंधरा दिवस पोरांच्या हातात काठ्या होत्या. दिसेल ते सरपटणारं मारायचं. दिवड मारली, नानेटी मारली, एक बिचारा वाळाही गांडूळासारखा चिरडला. मग विहिरीच्या काठावर ती धामण निघाली. पाच-सहा हात लांब, पिवळसर, उन्हात पोटाची कड चमकत होती. पोरं धावली आणि त्यांच्या मागे मोठी माणसंही. तुम्ही शाळेतून येत होता. छत्री होती तुमच्या हातात, मिटलेली. तुम्ही मध्ये जाऊन उभे राहिलात आणि छत्री आडवी धरलीत. म्हणालात, "हिने काय केलंय? ही उंदीर खाते तुमच्या कोठारातले." गड्याचा भाऊ तिथे होता. तो म्हणाला, "मास्तर, तुमचं कोणी गेलं नाही म्हणून बोलताय." मला अजून तो आवाज ऐकू येतो. तुम्ही त्याला काहीच उत्तर दिलं नाहीत. छत्री मात्र खाली घेतली नाहीत. धामण दगडांच्या फटीत जाईपर्यंत तुम्ही तसेच, आणि मी कठड्यापाशी दप्तर कवटाळून. त्यानंतर कितीतरी दिवस तो तुमच्याशी बोलत नव्हता, आणि तुम्ही रोज संध्याकाळी त्याच्या ओसरीवर जाऊन बसत होता.

तुम्हीच तेव्हा, 1980 साली, पुण्याचे नीलमकुमार खैरे 72 विषारी सापांबरोबर 72 तास बसले ती बातमी आम्हाला मोठ्याने वाचून दाखवली होती. पुढे त्यांनी कात्रजला सर्पोद्यान काढलं तेव्हा मामाकडे गेलो असताना मुद्दाम दाखवायला नेलंत. तिथल्या जाळीपाशी तुम्ही मला म्हणालात, "याला बघून घे नीट. ओळखीच्या माणसाला आपण उगाच मारत नाही." स्टीव्ह अर्विन हेच ओरडून सांगायचा. ते ऐकायला मी टीव्हीपुढे बसायचे, बाबा, आणि म्हणून मी त्याचं एवढं घेऊन बसले आहे. परक्या देशात एक अनोळखी माणूस माझ्या बापाचं बोलणं बोलत होता.

बुधवारी त्याची शोकसभा झाली. त्याच्याच मगरींच्या मैदानात, सुमारे 5,000 माणसं. पंतप्रधान जॉन हॉवर्ड होते, सगळ्या मोठ्या वाहिन्यांवर थेट चालू होतं, सिडनीच्या हार्बर ब्रिजवरचे झेंडे अर्ध्यावर उतरवले होते. लॅबमध्ये आम्ही कॅन्टीनमध्ये जमलो. बिंदी कागद हातात घेऊन उभी राहिली, आठ वर्षांचं पोर, माइक तोंडाशी पुरत होता जेमतेम. आवाज एकदाही कापला नाही. माझे बाबा माझे हीरो होते म्हणाली, मी त्यांचं काम पुढे नेणार म्हणाली. सगळं मैदान उठून उभं राहिलं. शेवटी त्याचा ट्रक सामान भरून मैदानातून बाहेर काढला, जणू तो दौऱ्यावर निघालाय, आणि खाकीतल्या त्याच्या माणसांनी पिवळ्या फुलांनी जमिनीवर त्याचा तो शब्द लिहिला: क्रायकी.

पण मला फोनकडे धावायला लावलं ते त्याच्या म्हाताऱ्या वडिलांनी. बॉब अर्विन. सरकारने शासकीय इतमामात अंत्यविधी करू म्हटलं तेव्हा यांनीच नको सांगितलं होतं. तो साधा माणूस होता, त्याला तसंच राहू द्या. सहा वर्षांपूर्वी बायको अपघातात गेली, आता मुलगा. ते माइकसमोर आले आणि म्हणाले, स्टीव्हसाठी शोक करू नका, तो आता शांत आहे. प्राण्यांसाठी करा. त्यांचा सगळ्यात जवळचा मित्र गेला. आणि मग थोडं थांबून: माझाही.

कॅन्टीनमध्ये कोणी कोणाकडे बघेना. मी उठून बाहेर फोनपाशी गेले.

आज सर्वपित्री. आईने पानं मांडली असतील, काकबळी ठेवला असेल, बाबा गच्चीवर हात डोळ्यांवर धरून कावळ्याची वाट बघत असतील. पितृपक्षात मुलाने बापाचं करायचं हे आपण धरून चालतो. त्या म्हाताऱ्या माणसाला उलटं करावं लागलं. मी पण बाल्कनीत खीर-पुरीचं पान ठेवलं, आजी-आजोबांच्या नावाने. मनात त्यांच्या शेजारी त्यालाही बसवला. इथले कावळे वेगळेच ओरडतात, लांब रडं काढल्यासारखे, पण पाच मिनिटांत पुरी गेली.

आई, तुझी गोळी रात्रीची चुकवू नकोस. बाबा, तुम्ही छातीचा तो कार्डिओग्राम काढून घ्यायचा टाळताय असं दादाने सांगितलं मला. घटस्थापना उद्याच आहे, तेव्हा ती आटोपली की सोमवारी दादाबरोबर जाऊन या. मी भांडणार नाही, फक्त विचारणार आहे की जाऊन आलात का.

रविवारी तुमच्या सकाळी आठला फोन करते, म्हणजे दोघं जागे असाल आणि घाबरणार नाही. छकुलीला धामणीची गोष्ट मी अर्धवट सांगितली आहे, छत्री आडवी धरण्यापर्यंत. पुढचं आजोबांकडून ऐकायचंय म्हणते. तिला तो गड्याचा भाऊ काय म्हणाला तेही सांगा, आणि तुम्ही त्याच्या ओसरीवर जाऊन काय बोलत होता तेही. ते मलाही माहीत नाही.

तुमची लेक