ओटा, पाणी आणि बाबांची एफडी

समा, बडोदा
2 मार्च 2025

ती. आई आणि ती. बाबा यांना,
शि. सा. नमस्कार.

काल फोनवर बाबा विचारत होते, एफडी मोडू का, आणि मागून आई ओरडत होती, ओट्याची उंची किती ठेवलीस. दादाच्या पिल्लूने फोन ओढून घेतला आणि दोन्ही राहिलं, म्हणून सविस्तर लिहिते.

बाबा, एफडी मोडू नका. ओटा, नळ, वायरिंग, टाइल्स झाल्या. सुताराचं वरचं काम तेवढं बाकी आहे, आणि ते धरूनही सगळं सव्वा लाखाच्या आत बसतंय. तेवढे माझ्याकडे आहेत. तुम्हाला वाटतंय की पैसे कमी पडले म्हणून मी मॉड्युलर किचन घेतलं नाही. पैसे कमी होते हे खरंच, त्या दुकानाने दोन लाख ऐंशी हजार सांगितले होते. पण कुणी फुकट बसवून दिलं असतं तरी मी ते आपल्या तळमजल्यावर घेतलं नसतं.

ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी आलं तेव्हा आधी आपण जिन्यावर आणि मग मामांकडे होतो, त्यामुळे आतला प्रकार तुम्ही पूर्ण पाहिलाच नाहीत. पाणी ओसरल्यावर आधीच्या मालकांनी बसवलेली कपाटं मी उघडायला गेले, तर सिंकखालच्या कपाटाची बाजू भिजलेल्या टोस्टसारखी हातात आली. पार्टिकल बोर्ड म्हणजे गोंदात दाबलेला लाकडाचा चुरा. कडेची पट्टी सुटली की पाणी आत शिरतं, एकदा फुगला की सुकल्यावरही पूर्ववत बसत नाही, आणि मग स्क्रूही धरत नाही. त्याच पाण्यात कोपऱ्यातली कडाप्प्याची जुनी फळी बुडून होती. ती मी फडक्याने पुसली आणि त्यावर डबे ठेवले. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

भिंतीवर पाण्याची जी रेघ राहिली होती ती जमिनीपासून अडीच फुटांवर. मी गवंड्याला, इलेक्ट्रिशियनला आणि सुताराला एकच सांगितलं: या रेघेच्या खाली फुगणारं, गंजणारं आणि शॉक देणारं काही नको. सुतार आधी हसला. मग खालच्या कपाटांसाठी त्यानेच आणलेल्या प्लायवर टिचकी मारून म्हणाला, "बेन, पाणी अडशे एटले फूली जशे," म्हणजे पाणी लागलं की फुगणार, आणि तो प्लाय वरच्या कपाटांसाठी बाजूला ठेवला.

तर ओट्याखाली उभे कडाप्पे, मधे पॉलिश केलेल्या कोटा दगडाच्या फळ्या, आणि दारं अॅल्युमिनियमच्या चौकटीतली. दिसायला ती जरा ऑफिससारखी आहेत, आई, तू नाक मुरडणार हे मला ठाऊक आहे. ट्रॉल्या एकाच खणाला केल्या, चमचे आणि ताटं-वाट्यांसाठी. बाकी ठिकाणी नुसत्या फळ्या. ट्रॉल्यांचं भाडं दर इंचाला असतं असं वाटावं इतक्या त्या महाग आहेत, आणि मोठी पातेली तशीही त्यात मावत नाहीत. बास्केट आणि सिंक 304 ग्रेडच्या स्टीलचं घेतलं. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतात, चिकटत नाही म्हणजे 304; पण ते स्वस्तातल्या 202 लाही चिकटत नाही. मी बिलावर ग्रेड लिहून घेतला.

ग्रॅनाइट बघायला गेले तेव्हा पर्समध्ये नेलपॉलिश रिमूव्हर आणि पांढरं फडकं नेलं होतं. काळ्या ग्रॅनाइटला रंग चढवून विकतात हे ऐकून होते. पहिल्या ठिकाणी एकदम काळाकुळकुळीत तुकडा होता, फडकं घासलं तर काळं झालं. माणूस म्हणाला, धूळ आहे. मी तोच कोपरा आधी ओल्या कपड्याने पुसून घेतला, वाळू दिला आणि पुन्हा घासलं, पुन्हा काळं. दुसऱ्या ठिकाणचा दगड रंगाने थोडा करडा आहे, पण फडकं पांढरंच राहिलं. तोच घेतला. ओट्याच्या वरच्या फळीसाठी कोटा स्वस्त पडला असता, पण तो चुनखडीचा दगड, लिंबू सांडलं की डाग धरतो. आपल्या घरात लिंबू सांडणार नाही असा दिवस नसतो.

बाबा, एक गोष्ट तुम्हाला नक्की आवडेल. ओट्याच्या पुढे आलेल्या कडेला, खालच्या बाजूने, गवंड्याकडून कटरने एक बारीक खाच मारून घेतली आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ओट्यावर सांडलेलं पाणी कडेवरून उतरून दगडाच्या पोटाखाली सरकतं आणि दारांवर ओघळतं. आता ते खाचेपर्यंत येतं आणि तिथूनच खाली ठिबकतं. बोटाने चाचपल्याशिवाय खाच कळतही नाही. गवंड्याने त्याचे वेगळे पैसे मागितले नाहीत, फक्त "आधी सांगायचं ना" म्हणून कुरकुरला, कारण दगड उलटा करून कापावा लागला.

वायरिंगवर मात्र मी हात आखडला नाही. सगळे पॉइंट चार फुटांवर, फ्रिजचासुद्धा, म्हणून त्याची वायर भिंतीवर लोंबताना दिसेल. ओव्हन आणि गीझरसाठी 16 अँपिअरचे दोन पॉइंट, त्यांना 4 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, प्रत्येकाची लाइन बोर्डापर्यंत वेगळी. मेन बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा लगेच तोडणारा स्विच, बसवला, आपल्याकडे तो नव्हताच. बाबा इतकी वर्षं ओल्या हाताने मिक्सर लावू नकोस म्हणून आईला ओरडत होते, आता जरा आवाज खाली आणायला हरकत नाही. ओरडणं बंद करू नका पण.

पाणी दारातून यायच्या आधी मोरीच्या जाळीतून वर आलं होतं, आठवतं का? म्हणून सांडपाण्याच्या पाइपला चेंबरच्या आधी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला. बाहेर जाणारं पाणी जातं, उलटं आलं की झडप मिटते. पूर दारातूनच आला तर त्याचा उपयोग शून्य, आणि झडपेत खरकटं अडकू नये म्हणून ती अधूनमधून उघडून साफ करावी लागते. ते काम मी करीन. गरम पाण्याची लाइन सीपीव्हीसीची, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकची केली. गॅसच्या पाइपला कुणालाच हात लावू दिला नाही. शेगडी होती तिथेच ठेवली, म्हणजे गॅसवाल्यांना बोलवायचा खर्चही वाचला.

काटछाट कुठे केली तेही सांगते. टाइल्स ओट्याच्या वर दोनच फूट, साध्या पांढऱ्या. त्याच्यावर धुता येणारा रंग. चिमणी घेतली नाही. खिडकीवर एक्झॉस्ट फॅन आहे, आणि भिंतीत सहा इंची भोक पाडून त्याला झाकण लावून ठेवलंय, पुढेमागे चिमणी घेतलीच तर पुन्हा तोडफोड नको. वरची कपाटं एकाच भिंतीला, आयएस 710 चा, म्हणजे मरीन प्लायचा शिक्का असलेल्या प्लायची. आणि दुसऱ्या भिंतीला आईची स्टीलची मांडणी. ती भंगारात गेली असं समजून तू दिवाळीत रडलीस. मी ती गच्चीवर ठेवली होती. चिंच आणि राखेने घासून काढली, दोन कड्या नव्या घातल्या. एका कोपऱ्यात गंजाचा ठिपका राहिलाय, तो जात नाही.

आता ओट्याची उंची. कोपर वाकवून उभं राहायचं आणि कोपरापासून चार ते सहा इंच खाली ओटा असावा, असा हिशेब सांगतात. त्या हिशेबाने तुला एकतीस हवा आणि मला पस्तीस. गवंडी म्हणाला, तेहेतीस करा, दोघींना चालेल. म्हणजे दोघींची पाठ दुखेल. स्वयंपाक रोज मी करते म्हणून शेगडीकडचा भाग चौतीस केला. पण खिडकीखाली, जिथे तू भाजी निवडायला बसायचीस, तिथे उरलेल्या ग्रॅनाइटचा अडीच फुटी तुकडा एकोणतीस इंचांवर लावला आहे, आणि त्याच्याखाली मुद्दाम काहीच ठेवलं नाही. खुर्ची ओढून, पाय आत घालून बसता येतं. कणीक तिंबणं, शेंगा सोलणं, मोदकाच्या पाऱ्या, सगळं बसून. गुडघ्याच्या डॉक्टरांनी मांडी चालणार नाही म्हटल्यापासून तू उभ्याने करतेस आणि कुणाला सांगत नाहीस.

पाटा-वरवंटा जिथे होता तिथेच आहे. सगळ्या पुरात तो तसूभर हलला नव्हता, आणि गवंड्याच्या दोन माणसांनाही हलवावासा वाटला नाही.

पाडवा 30 मार्चला, रविवारी आहे. त्याच्या आधीच्या आठवड्यात निघा. दादाला तिकिटं काढायला मी सांगितलंय. खालची बर्थ मिळत नसेल तर तारीख बदला, पण वरच्या बर्थवर चढायचा पराक्रम बाबांनी करू नये.

आणि आई, एक काम लगेच कर. मसाल्याच्या डब्यांची फळी सुतार शुक्रवारी ठोकणार आहे. चपला काढून भिंतीला टेकून उभी राहा, टाचा न उचलता हात वर कर, आणि बोटांच्या टोकापर्यंतची उंची बाबांना मोजायला सांग. इंचात कळव. टाचा उचलायच्या नाहीत, बाबांनी लक्ष ठेवावं.

तुमची,
धाकटी