तक्रार: ‘आपोआप वाजणारं पार्श्वसंगीत’ वाजत नाही, आणि वाजलंच तर बंद होत नाही

प्रति,
व्यवस्थापन विभाग

तुमच्या ग्राहक सेवेशी बोलून आत्ताच फोन ठेवला. यापुढे त्यांना फोन करणार नाही, म्हणून थेट तुम्हाला लिहिते आहे. तुम्ही काय विकता ते फोनवरच्या माणसांना ठाऊक नसेल, पण तुम्हाला ठाऊक असलंच पाहिजे.

वेबसाइट बनवण्याच्या तुमच्या साधनाच्या महागड्या प्लॅनच्या जाहिरातीत ठळक अक्षरांत लिहिलं आहे: ‘पान उघडताच संगीत आपोआप सुरू’. त्या एका ओळीसाठी मी साधा प्लॅन सोडला. मी बासरी शिकवते. साईटवर मीच वाजवलेला तुकडा लावला, त्यामुळे कुणाच्या परवानगीचा प्रश्न नव्हता. साईटवर येणाऱ्या लोकांना मात्र तो ऐकूच येत नाही. ब्राउझरांपैकी सफारीने २०१७ मध्ये, क्रोमने एप्रिल २०१८ मध्ये आणि फायरफॉक्सने मार्च २०१९ मध्ये असा न विचारता सुरू होणारा आवाज अडवायला सुरुवात केली. पाहणाऱ्याने पानावर बोट लावल्याशिवाय किंवा क्लिक केल्याशिवाय तो सहसा निघतच नाही. नियम मला पटतो. पण तो लागू होऊन इतकी वर्षं झाल्यावरही तुम्ही तीच ओळ दाखवून पैसे घेता, ही फसवणूक आहे.

आधी मला सांगितलं, एमपी३ खराब असेल, वेव्ह फाइल टाका. टाकली. १२८ केबीपीएसच्या एमपी३ला मिनिटाला साधारण १ एमबी लागतं, सीडीच्या दर्जाच्या वेव्हला १० एमबी. संगीत वाजलं नाहीच, वर पान उघडायला वेळ लागू लागला. मग सांगितलं, येणाऱ्यांना ब्राउझरचं सेटिंग बदलायला सांगा. आणि प्रत्येक वेळी एक वाक्य ठरलेलं: ‘मॅडम, आमच्याकडे वाजतंय.’ तुमच्याकडे वाजणारच! तुमचा माणूस साईट बनवायच्या एडिटरमध्ये आधी क्लिक करतो, मग त्याच डोमेनवर पान उघडून बघतो. शिवाय ज्या साईटवर आपण नेहमी आवाज ऐकतो तिला संगणकावरचं क्रोम सूट देतं. पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला यातलं काहीच मिळत नाही. हे मी तुम्हाला समजावून सांगायचं?

शेवटी तुमच्या तंत्रज्ञाने एक कोड टाकून दिला. पानावर कुठेही बोट लागलं किंवा कुठलीही कळ दाबली की संगीत सुरू. थांबवायचं बटण नाही. दुसऱ्या पानावर गेलं की तुकडा पुन्हा पहिल्यापासून.

माझा एक विद्यार्थी पाहू शकत नाही. तो स्क्रीन रीडरवर साईट वाचतो, म्हणजे पानावरचा मजकूर त्याला आवाजातच ऐकावा लागतो. वर्गाच्या वेळा बघायला त्याने कळ दाबली आणि माझी बासरी त्या आवाजावर चढली. थांबवायला काही सापडेना. आवाज कमी करावा तर वाचणारा आवाजही कमी होतो. त्याने साईट बंद केली आणि मला फोन करून वेळा विचारल्या.

हे सगळं आज तुमच्या माणसाला शांतपणे सांगितलं. तो म्हणाला, ‘मॅडम, असे किती लोक येतात तुमच्या साईटवर?’ मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ‘असे म्हणजे कसे?’ तर म्हणाला, ‘म्हणजे न दिसणारे. एक-दोघांसाठी कुणी डिझाइन बदलत नाही.’ मी वरिष्ठांना जोडून द्या म्हटलं. वरिष्ठ आले, त्यांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मग संगीत काढूनच टाकू का?’ ज्या सोयीचे पैसे मी मोजले तीच काढून टाकणं हा तुमचा उपाय! आणि माझ्या विद्यार्थ्याबद्दल जे बोललं गेलं त्याबद्दल माफीचा एक शब्द नाही. ‘असे किती लोक’ हे मी विसरणार नाही.

तीन सेकंदांपेक्षा जास्त आपोआप वाजणाऱ्या आवाजाला थांबवण्याची किंवा त्याचा आवाज वेगळा कमी करण्याची सोय हवी, हे डब्ल्यूसीएजी २.० मध्ये, म्हणजे वेबसाइट अपंगांनाही वापरता यावी यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये, डिसेंबर २००८ पासून लिहिलेलं आहे, तेही सर्वांत प्राथमिक पातळीवर. तुमची कंपनी वेबसाइट बनवण्याचं साधन विकते. तुम्हाला हे माहीत नसेल तर कुणाला असणार?

तो कोड आजच काढा. त्याजागी प्रत्येक पानाच्या सुरुवातीलाच, कळफलकाने पोहोचता येईल असं, स्क्रीन रीडरला नाव वाचता येईल असं ‘संगीत ऐका / थांबवा’ बटण द्या. ज्याला ऐकायचं आहे तो ते दाबेल. मला तेवढंच हवं आहे. जाहिरातीतली ती ओळ काढा. दोन प्लॅनमधल्या फरकाचे पैसे परत करा. आणि त्या विद्यार्थ्याच्या नावे तुमचं लेखी माफीपत्र माझ्याकडे पाठवा, मी ते त्याला वाचून दाखवीन.

या आठवड्यात उत्तर आलं नाही तर साईट दुसरीकडे हलवेन आणि जाहिरातीच्या त्या ओळीसकट ग्राहक न्यायालयात जाईन. तुमचं नाव मी माझ्या ओळखीच्या कित्येक कलाकारांना सुचवलं होतं. त्या प्रत्येकाला आता हे पत्र पाठवते आहे.

एक ग्राहक